पोटगी थकली आहे, बी.एड.ला प्रवेश मिळाला आहे. अनुदान बंद होईल का?

प्रश्न : माझे वय ३१. पती सोडून गेल्यापासून सात वर्षांच्या मुलीसह आईकडे राहते व घरी शिवणकाम करते. न्यायालयाने कलम १४४ खाली आम्हा दोघींना मिळून दरमहा ६,००० रुपये पोटगी मंजूर केली, पण अकरा महिने एक रुपयाही आलेला नाही. संजय गांधी निराधार योजनेचे १,५०० रुपये मिळतात. मी ओबीसी असून कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीतून बी.एड.ला प्रवेश मिळाला आहे. पूर्णवेळ शिकू लागल्यास अनुदान थांबेल आणि पोटगीही जाईल, असे भाऊ म्हणतो. काय करावे?

उत्तर : प्रवेश सोडू नका. भावाच्या शंका काळजीपोटी असल्या, तरी घाई करावी असा विषय वेगळाच आहे, आणि तो म्हणजे थकबाकी.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार थकलेल्या पोटगीसाठी वसुलीचे वॉरंट काढता येते आणि तरीही रक्कम न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. परंतु ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला असेल तरच. आपला सर्वांत जुना हप्ता वर्षाचा होत आला आहे. पती आज ना उद्या पाठवतील या आशेवर थांबल्यास तो हप्ता या मार्गाने हातचा जाईल, म्हणून वसुलीचा अर्ज याच आठवड्यात दाखल करावा.

शिक्षण घेतल्याने पोटगी रद्द होत नाही. पत्नी शिकलेली आहे किंवा कमावू शकते एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात स्पष्ट केले आहे. उलट, वाढलेला खर्च दाखवून कलम १४६ खाली पोटगीवाढ मागता येईल. प्रवासाचा आणि आपण महाविद्यालयात असताना मुलीला सांभाळण्याचा खर्च त्या अर्जात आकड्यांनिशी लिहावा.

आता अनुदान. या योजनेच्या अटी वय, निवास, निराधारपण आणि वार्षिक २१,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा यांच्याशी जोडलेल्या आहेत. शिकणे हे अपात्रतेचे कारण नाही. खरी अडचण पोटगीच्या आदेशाची आहे, कारण कागदावर तिची वर्षाची रक्कम ७२,००० रुपये होते. माझ्या मते, न मिळालेली पोटगी उत्पन्नात धरता येणार नाही. वसुलीच्या अर्जाची पोच दिलेली प्रत आणि बँक पासबुकाचा उतारा तहसील कार्यालयात अर्जासोबत द्या, म्हणजे पुढे कोणी तक्रार केली तरी आपण काही लपवले असे म्हणता येणार नाही. शिवणकामाची कमाईसुद्धा खरी तीच सांगा. पोटगी नियमित मिळू लागली, तर मात्र हे अनुदान सोडावे लागेल, हे आताच गृहीत धरून हिशेब मांडा. निराधार योजनेच्या अनुदानाच्या जोडीला लाडकी बहीण योजनेचे पैसेही घेता येणार नाहीत.

शुल्काची चिंता मोठी नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. संस्थास्तरावरील प्रवेशाला ती लागू नाही, त्यामुळे कॅपमधील जागावाटपाचे पत्र जपून ठेवा. वेळेचा प्रश्न अधिक कठीण आहे. बी.एड.ला वर्गात ८० टक्के आणि शाळेतील आंतरवासितेत (प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावात) ९० टक्के उपस्थिती लागते, म्हणजे दिवसाचे शिवणकाम जवळपास थांबेल. ती तूट काही अंशी भरून काढण्यासाठी मुलीच्या नावे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करा. एकपालक मुलांना तीत दरमहा २,२५० रुपये मिळतात. ही रक्कम मुलीच्या संगोपनासाठी आहे.

वकिलाच्या फीसाठी कर्ज काढू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात पोटगीच्या आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन जा आणि सर्वांत जुन्या हप्त्याची तारीख तेथील वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.