पाण्यातला मेटल डिटेक्टर (धातुशोधक यंत्र) जमिनीवर चालेल का?

चालेल, बिनधास्त वापरा. फक्त वजनाची तयारी ठेवा. पाण्यात कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची धातू शोधणारी चकती, तरंगू नये म्हणून ती मुद्दाम जड केलेली असते. कोरड्यावर तासाभरात मनगट भरून येतं. गॅरेट कंपनीचा सी हंटर डिटेक्टर असेल तर कंट्रोल बॉक्स दांड्यावरून काढून कमरेच्या पट्ट्याला लावा, हात हलका होतो.

सी हंटर पल्स इंडक्शनवर चालतो, म्हणजे जमिनीत चुंबकीय झटके सोडून मिळणाऱ्या प्रतिसादावरून धातू ओळखतो. कोकणातल्या जांभ्यात किंवा रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत लोह भरपूर. तिथे साधी यंत्रं उगाच किरकिरतात, हा बऱ्यापैकी शांत राहतो. मला तो याचसाठी आवडतो. पण लोखंड वेगळं काढायला तो कच्चा. गंजका खिळा, बाटलीचं बूच, नाणं, सगळ्यालाच आवाज देतो. म्हणून पडक्या घरांच्या आसपास नेऊ नका, खिळे उपसून जीव जाईल. मोकळी पुळण उत्तम.

हेडफोनने कान पूर्ण झाकले जातात, रस्त्याकडेला जपून.

आणि गडकिल्ले, संरक्षित स्मारकं यांच्या आवारात यंत्र काढूच नका. इतरत्र जमीनमालकाला आधी विचारा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.