अत्याचारावर कापडात काम करताना दुसऱ्या कलाकारांकडून नेमकं काय घ्यायचं?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. लहानपणी झालेल्या अत्याचाराबद्दल कापडावर काही करायचंय, तर आधी कोणाचं काम बघावं? दुसऱ्याचं बघून केलं तर ते माझं राहील का? आणि त्या काळातला एक फ्रॉक जवळ आहे, तो वापरू का? फ्रॉकचं शेवटी सांगते.

मी साताठ वर्षं हे काम करतेय. घरातल्याच एका माणसाबद्दल आहे, एवढं पुरे. सुरुवातीला केलेलं आता बघवत नाही. काळं कापड, लाल दोरा, फाटकी बाहुली, शिवून टाकलेले ओठ. भावना खरी होती, पण कापडावरचं सगळं उसनं होतं. लोकांच्या कामातल्या वस्तू मी उचलून आणत होते. बाहुली कोणाची तरी, ओठ कोणाचे तरी.

हे लक्षात आलं ते एका जुन्या कापडाच्या फोटोमुळे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एलिझाबेथ पार्कर या इंग्लिश मुलीने १८३० च्या सुमारास भरलेलं लिननचं कापड आहे. त्या काळी मुली टाके शिकताना नमुन्याचं कापड भरायच्या, त्यावर मुळाक्षरं, घर, फुलं, एखादं सुवचन असायचं. इथे त्यातलं काही नाही. लाल रेशमाने, बारीक फुल्याफुल्यांच्या क्रॉस-स्टिचमध्ये, नुसता मजकूर. मला लिहिता येत नाही म्हणून हे असं सांगते, अशी सुरुवात. मग कामाला गेलेल्या घरी मालकाने केलेला छळ, जिन्यावरून खाली ढकलणं, जीव द्यावासा वाटणं. ओळीमागून ओळ. आणि माझ्या आत्म्याचं काय होणार, या प्रश्नाशी मजकूर तुटतो. खाली कोरं कापड तसंच. (ती पुढे जगली, शाळेत शिकवू लागली. मला हे कळल्यावर अर्धा दिवस बरं वाटत होतं.)

त्या फोटोसमोर बसून मी वहीत लिहून काढायला लागले की या बाईने नेमकं केलं काय. तिने काय 'दाखवलं' ते नाही, काय केलं ते. फुलं वगळली. चौकट वगळली. एकच रंग धरला. मध्येच थांबली. बघता बघता पानभर क्रियापदं झाली आणि त्यातल्या 'थांबली'पाशी मी अडकले. माझ्याकडे एक अर्धवट उशीचा अभ्रा पडला होता, सातव्या ओळीवर सुटलेला. तो पूर्ण करता येत नाही म्हणून मी स्वतःला दोन वर्षं दोष देत होते. त्या दिवशी दोऱ्याला गाठ मारली, सुई काढली आणि तो पूर्ण झाला असं ठरवलं. माझा अभ्रा तिच्या कापडासारखा अजिबात दिसत नाही. पण तिच्याशिवाय तो झाला नसता.

तेव्हापासून मी कोणाचंही काम बघताना नामं सोडून क्रियापदं शोधते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे हेच उत्तर आहे.

ॲग्नेस रिश्टरचं जॅकेट बघा. जर्मनीतल्या मनोरुग्णालयात ठेवलेली ही शिवणकाम करणारी बाई. १८९५ मध्ये तिने तिथल्याच कापडाचं जॅकेट शिवलं आणि त्यावर रंगीत दोऱ्यांनी लिहिलं, बाहेरून आणि आतूनही. ते आता हायडेलबर्गच्या प्रिंझहॉर्न संग्रहात, म्हणजे मनोरुग्णांच्या कलाकृतींच्या संग्रहात, आहे. 'मी', 'माझं जॅकेट' असे तुकडे, ५८३ हा तिचा धुलाईचा नंबर, एवढं वाचता येतं. बाकी बरंचसं लागत नाही. आतली अक्षरं अंगाला घासून झिजलेली आहेत. म्हणजे निम्मा मजकूर बघणाऱ्यासाठी नव्हताच, तिच्या स्वतःच्या पाठीसाठी होता. मला तोवर वाटायचं की असं काम म्हणजे जगाला ओरडून सांगणं. सांगायचंही आहे आणि कोणी वाचायला नको, हे दोन्ही एकाच कापडात बसू शकतं हे मला रिश्टरने दाखवलं. मग मी एक परकराचा तुकडा उलट्या बाजूने भरला. उलट्या बाजूने लिहिलं की समोर येतात ती आरशातली अक्षरं, गाठी आणि एका अक्षरावरून दुसऱ्यावर उड्या मारणारे दोरे. हवं त्याने आरसा धरावा. आजवर एकानेच धरला.

लुईझ बुर्ज्वा या फ्रेंच-अमेरिकन शिल्पकर्तीचं नाव तुम्हाला सगळेच सांगतील आणि सगळे तिची कोळ्याची (जाळं विणणाऱ्या) अवाढव्य शिल्पंच दाखवतील. ती सोडा. तिच्या आईवडिलांचा जुन्या टॅपेस्ट्र्या, म्हणजे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं, दुरुस्त करण्याचा कारखाना होता. खालच्या कडा झिजून चित्रातल्या माणसांचे पाय नाहीसे झालेले असायचे, ते पाय लहानगी लुईझ काढून द्यायची. त्याच घरात तिच्या शिकवणीच्या बाई वडिलांच्या प्रेयसी म्हणून राहत होत्या, सगळ्यांच्या देखत. हे तिला जन्मभर पुरलं. पण दगड, लाकूड, लॅटेक्स, धातू असा सगळा प्रवास करून ती कपाटातल्या स्वतःच्या कपड्यांकडे वळली तेव्हा ऐंशी ओलांडून गेली होती. २००२ मध्ये लग्नातल्या नावाची अक्षरं भरलेल्या टॉवेलांची पानं करून आणि जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून तिने 'ओद आ लूब्ली' हे कापडाचं पुस्तक केलं. नावाचा अर्थ विस्मरणाची स्तुती असा आहे, आणि सामग्री मात्र साठ-सत्तर वर्षं न टाकलेली! तिच्याकडून माझं क्रियापद 'जपून ठेवलं' हे आहे. दुकानातून आणलेल्या कापडाला काहीच माहीत नसतं. काम त्याच्यावरही होतं, पण मग सगळं तुम्हालाच बोलावं लागतं.

ट्रेसी एमिन या ब्रिटिश कलाकार बाईची १९९५ ची कलाकृती म्हणजे एक तंबू, आठवतो तो त्याच्या नावामुळे, 'ज्या प्रत्येकासोबत मी झोपले'. लोकांनी चावट अर्थ काढला. आत कापड कापून लावलेली १०२ नावं होती आणि त्यात तिची आजी होती, जुळा भाऊ होता. वाचायचं तर वाकून आत शिरावं लागे. २००४ मध्ये गोदामाच्या आगीत तो जळाला. तेराव्या वर्षी आपल्यावर बलात्कार झाला हे एमिनने उघड सांगितलंय, आणि तिच्या कामाचा उघडेपणा लोकांना भुरळ घालतो. इथे जरा सांभाळा. तिने नावं लिहिली म्हणून तुम्ही लिहायला पाहिजेत असं नाही. तिचा मोकळेपणा हा तिचा निर्णय आहे, या प्रकारच्या कामाची प्रवेश फी नव्हे. मी पहिल्या वर्षी एक नाव भरलं आणि मग तीन महिने त्या कापडासह एका खोलीत झोपू शकले नाही. शेवटी उसवलं. भोकं राहिली आहेत, ती मला नावापेक्षा जास्त आवडतात.

नकलेची भीती वाटते म्हणालात, तर या दोघींचंच एक ऐका. बुर्ज्वाने आयुष्याच्या शेवटी स्त्रीपुरुषांची धडं रंगवली आणि पुढचं काम करायला एमिनकडे दिली. एमिन कित्येक महिने ती चित्रं घेऊन देशोदेशी फिरली, हात लावायची हिंमत होईना. शेवटी तिने त्यावर बारीक आकृत्या आणि शब्द काढले, ते कापडावर छापले गेले, आणि 'डू नॉट अबँडन मी' ही सोळा चित्रांची मालिका झाली. रंगाचा ओघळ एकीचा आणि रेघ दुसरीची, हे लांबूनही ओळखू येतं. शेजारी बसून, अगदी तिच्याच चित्रावर काढूनही, एक दुसरी झाली नाही.

आणि प्रेरणा याच विषयातल्या कामातून मिळावी असंही नाही. फेथ रिंगगोल्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकर्तीने १९७२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये तिबेटी थांगका पाहिल्या, म्हणजे कापडी चौकटीतली धार्मिक चित्रं. त्यांचा अत्याचाराशी काय संबंध? पण त्या गुंडाळून नेता येतात. तिने त्या धर्तीवर गुलाम स्त्रियांवरच्या बलात्कारांची 'स्लेव्ह रेप' मालिका रंगवली, आणि भोवतीचं कापड शिवून दिलं तिच्या आईने, जी व्यवसायाने कपडे शिवायची. पुढे तिच्या प्रसिद्ध गोधड्या आल्या त्या याच वाटेने.

एकटीने करायचं नसेल तर सामूहिक कामांची साखळीही आहे. १९८७ ची एड्सने गेलेल्यांच्या नावांची गोधडी बघून १९९० मध्ये अमेरिकेतल्या केप कॉडला काही बायकांनी हिंसा सोसलेल्या स्त्रियांचे ३१ शर्ट दोरीवर वाळत घातले, आणि ती कल्पना पुढे कुठल्या कुठे पोचली. मी त्यात फार रमले नाही, मला गर्दीत सुई चालवता येत नाही.

एक मात्र करू नका : हे सगळं एका रात्रीत, फोनवर, एकामागून एक बघू नका. मी बघितलं होतं आणि आठवडाभर अंगावर काटा होता. एका वेळी एक काम, दिवसाउजेडी. आणि समुपदेशक असेल तर त्यांना सांगून. शिवल्याने मन शांत होतं असं लोक फार सहज म्हणतात. फुलं भरताना होतं. हे भरताना माझं तरी प्रत्येक वेळी होत नाही.

आता फ्रॉक. कात्री लावू नका, निदान पहिलं वर्ष. आधी साधं धुतलेलं कापड त्याच्याखाली अस्तरासारखं ठेवा आणि कच्च्या दोऱ्याने, लांब लांब टाके घालून, नुसता टाचा. बघा कुठे हात अडतो. कच्चा दोरा एका ओढीत निघतो, आणि फ्रॉक होता तसा परत कपाटात ठेवता येतो.