संवेदनशील मिश्र त्वचेवर नैसर्गिक उत्पादने वापरून पाहावीत का?

जरूर पाहा, पण एका वेळी एकच, आणि ‘नैसर्गिक म्हणजे सौम्य’ हे आधी डोक्यातून काढून टाका. घटक झाडातून आला की प्रयोगशाळेतून, त्वचेला त्याच्याशी देणेघेणे नसते. उलट लव्हेंडर, टी ट्री यांसारखी सुगंधी तेलेच अशा त्वचेला अनेकदा बाधतात. त्यांतले लिनालूल, लिमोनीन हे घटक हवा लागून ऑक्सिडाइज झाले की ॲलर्जी उठवू शकतात. त्यामुळे कित्येक महिने उघडलेली बाटली नव्या बाटलीपेक्षा जास्त धोक्याची. लिंबाचा रस तर थेट चेहऱ्यावर नकोच. त्याचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितके आम्ल तीव्र) २ च्या आसपास असतो, त्वचेचा साधारण ५. वर ऊन लागले तर भाजल्यासारखे डाग पडू शकतात.

नव्या उत्पादनाची चाचणी कोपराच्या आतल्या बाजूला करा: एकाच जागी, दिवसातून दोनदा, ७ ते १० दिवस. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संघटना हीच पद्धत सुचवते. एका रात्रीत निकाल लावू नका, ॲलर्जी दोन-तीन दिवसांनीही उमटते. फेसवॉश असेल तर अर्थातच नेहमीइतका वेळ ठेवून धुवायचा.

मिश्र त्वचेला सगळीकडे एकच उत्पादन लावायची सक्ती नाही. कपाळ, नाक, हनुवटी या तेलकट भागावर खोबरेल तेलाने छिद्रे बुजू शकतात. तिथे बिनवासाचे हलके जेल बरे, कोरड्या गालांवर ओटयुक्त क्रीम. मात्र एक्झिमा (इसब) किंवा रोझेशिया (चेहरा लाल होण्याचा त्वचाविकार) असेल, तर हे प्रयोग त्वचारोगतज्ज्ञाला विचारूनच.