रोटावेटर चालवून कंबर धरते

प्रश्न: भाऊ, खरिपाआधी आमच्या यवतमाळकडं रोज आठ-दहा तास ट्रॅक्टरमागं रोटावेटर (माती भुसभुशीत करायचं यंत्र) चालते, संध्याकाळी उतरलो का कंबर सरळ होत नाही, मानही उजवीकडूनच आखडते. उजवीकडूनच काहून?

उत्तर: कारण मागं रोटावेटरकडं पाहता तेही उजवीकडूनच, तो वर-खाली करायचा हायड्रॉलिकचा लिव्हर तिकडं, म्हणून डावा हात स्टिअरिंगवर अन् अर्धं अंग पिळलेलं, तेही तासन्‌तास. त्यात काळ्या मातीची ढेकळं, मागच्या चाकांना स्प्रिंग नाही, हादरा टायर अन् सीटनं जेवढा खाल्ला तेवढाच, बाकी मणक्यात. अन् बसलेल्या माणसाचा मणका सेकंदाला साधारण ४ ते ६ हादऱ्यांनाच सगळ्यात जास्त हालते. सीटखाली वजनाचा नॉब असंल तर तो आपल्या वजनावर फिरवा, बहुतेक वेळा तो आधीच्या ड्रायव्हरचाच राहते! वर पोत्याची घडी टाकून भागत नाही. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मोठा आरसा लावा, मान कमी फिरंल. तासाभरानं उतरून धुऱ्यावर फिरा, पण उडी नको, ट्रॅक्टरकडं तोंड करूनच उतरा, अन् उतरल्याबरोबर खताची बॅग उचलू नका. पायात मुंग्या किंवा बधिरपणा आला तर मालिशवाल्याकडं नाही, डॉक्टरकडं जा, अन् लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी.