मोबाइलने काढलेला फोटो स्क्रीनवर नीट बसत नाही. वॉलपेपरसाठी चित्र कसे निवडावे?

आपण विचारले आहे की, नव्या २४ इंची मॉनिटरवर गोदाघाटाचा फोटो लावला असता दुतोंड्या मारुतीचे डोके कापले जाते आणि उरलेले चित्रही धूसर दिसते, तेव्हा वॉलपेपर निवडावे तरी कसे. पुराचे पाणी कुठवर चढले हे नाशिककर ज्या मूर्तीवरून सांगतात, तिचेच डोके दिसू नये हे खटकणारच. मी इथे नाशिकमध्येच डीटीपीचे काम करतो आणि दिवसाचे आठ-दहा तास स्क्रीनसमोर असतो, त्यामुळे हा प्रश्न मला मुळीच किरकोळ वाटत नाही.

मॉनिटर किती इंची आहे यावरून चित्र ठरत नाही. पाहायचे ते पिक्सेल, म्हणजे चित्र ज्या बारीक ठिपक्यांनी बनते ते ठिपके. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडल्यास रेझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीत आणि उंचीत किती पिक्सेल आहेत ते, दिसेल. आपल्या मॉनिटरचे ते बहुधा १९२० × १०८० असेल, म्हणजे रुंदी आणि उंची यांचे प्रमाण १६:९. मोबाइलचा कॅमेरा मात्र सहसा ४:३ या प्रमाणात फोटो काढतो. आडवा काढलेला ४००० × ३००० पिक्सेलचा फोटो स्क्रीन पूर्ण भरणाऱ्या ‘फिल’ पर्यायाने लावला की रुंदी पूर्ण बसते, पण उंचीचा चौथा हिस्सा, वरून एक अष्टमांश आणि खालून तेवढाच, स्क्रीनबाहेर जातो. मूर्तीचे डोके फोटोच्या वरच्या कडेला टेकलेले असेल, तर ते याच पट्ट्यात सापडते. उभ्या फोटोचा तर निम्म्याहून अधिक भाग जातो. ‘स्ट्रेच’ने मूर्ती आडवी फुगते आणि ‘फिट’ने दोन्ही बाजूंना रिकामे पट्टे राहतात, मला दोन्ही पसंत नाहीत.

धूसरपणाचे कारण बहुधा वेगळे आहे. फोटो व्हॉट्सॲपवरून आला असेल, तर पाठवतानाच तो दाबून लहान झालेला असतो. मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवून घ्या. चित्राची रुंदी आणि उंची स्क्रीनइतकी किंवा तिच्याहून जास्त हवी. लहान चित्र ताणून मोठे केले तरी नसलेला तपशील त्यात येत नाही.

एवढे जमले तरी प्रत्येक सुंदर फोटो वॉलपेपर म्हणून चालतोच असे नाही. माझ्या स्क्रीनवर काही महिने दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेचा फोटो होता. फोटो सुरेख होता, पण डाव्या बाजूला जिथे आयकॉन एकाखाली एक लागतात, नेमकी तिथेच पाने, घड, तारा आणि उन्हाचे कवडसे यांची दाटी होती. आयकॉनखालची पांढरी अक्षरे त्यात हरवत आणि एक फोल्डर शोधायला नजर तीन-तीनदा वरखाली फिरवावी लागे. आता तिथे श्रावणातली अंजनेरी आहे: डावीकडे नुसते राखाडी धुके, उजवीकडे ओल्या कड्याची काळपट धार आणि खाली गवत, जे टास्कबारमागे झाकले गेले तरी काही बिघडत नाही. धुके फारच उजळ होते, म्हणून अक्षरे उठून दिसेपर्यंत मी फोटोचा ब्राइटनेस थोडा उतरवला. संध्याकाळी खोलीतला उजेड कमी झाल्यावर डोळ्यांनाही त्याचा फार आराम वाटतो.

म्हणून फोटो निवडताना आधी त्याची डावी बाजू पाहावी, असे मी आवर्जून सांगेन. मग फोटो एडिट करताना क्रॉपसाठी १६:९ हे प्रमाण निवडा आणि काय कापायचे ते स्वतः ठरवा, ते विंडोजवर सोडू नका. कापलेले चित्र १९२० × १०८० या मापात आणून पीएनजी स्वरूपात जतन करणे चांगले, कारण जेपीजी चित्र वॉलपेपर म्हणून लावताना विंडोज ते आणखी थोडे दाबते आणि आकाशासारख्या सपाट रंगात त्याचे डाग जाणवू शकतात. हेच चित्र लॅपटॉपवर लावायचे असेल, तर आधी त्याचे रेझोल्यूशन पाहा. बऱ्याच लॅपटॉपचे प्रमाण १६:१० असते आणि त्यांच्यासाठी क्रॉप वेगळा करावा लागतो.

आपल्या फोटोत मारुतीच्या डोक्यावर जागाच उरली नसेल, तर मात्र कोणतीही सेटिंग उपयोगी पडणार नाही. पुन्हा घाटावर जाल तेव्हा मोबाइल आडवा धरा, पाण्याकडे नीट लक्ष ठेवून चार पावले मागे सरका, मूर्ती चौकटीच्या उजव्या भागात घ्या आणि तिच्या वर-खाली भरपूर मोकळी जागा सोडा.