गणित अर्धवट सोडणाऱ्या मुलीला

यवतमाळ, तान्हा पोळा

बेटा,

काल तुझी वही चाळली. टाकी-नळाची अकरा गणितं. प्रत्येकाच्या पहिल्या दोन ओळी मोत्यासारख्या अक्षरात, पुढे कोरं. "सर, माझ्यात चिकाटीच नाही," म्हणालीस. मला ते पटलं नाही. तू बोलत होतीस तेव्हाच मागच्या वावरात फवारणीचा पंप सुरू झाला आणि एवढ्या उकाड्यात तू उठून खिडकी लावून घेतलीस.

२०१७चा हंगाम मी विसरलेलो नाही. कपाशीची पऱ्हाटी डोक्याएवढी झाली होती, माणूस तिच्यात शिरून फवारायचा आणि औषध त्याच्याच तोंडावर यायचं. आपल्या जिल्ह्यात त्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. तुझे बाबा वाचले. पण घरी आले तेव्हा त्यांना सगळं धूसर दिसत होतं, आणि सातवीतल्या तू त्यांना हात धरून बाजेवर बसवलं होतंस.

पूर ओसरला की भिंतीवर खूण राहते, माणूस चिखल काढायला लागतो. विषाचं तसं नाही. ते अंगातून पुरतं उतरलं की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. शिवाय दर पावसाळ्यात तोच पंप, तेच बाबा.

अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ला अपघात झाला. तिथला किरणोत्सर्गही डोळ्यांना दिसणारा नव्हता. वर्ष उलटून गेल्यावर मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू बॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या रहिवाशांची लघवी तपासली. अॅड्रिनलिनसारखी ताणाची रसायनं दुसरीकडच्या लोकांपेक्षा जास्त निघाली, आणि मन लावून करायच्या कामातही ही माणसं मागे पडली. ती आळशी नव्हती गं. त्यांचं अंग अजून जागलीवर होतं, शेत राखायला मचाणावर बसल्यासारखं. रात्रभर जागल करणाऱ्याला सकाळी कोणी चिकाटी विचारतं का?

त्याआधीचा ग्लास आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. दोन गटांना सारखाच, केव्हाही सुरू होणारा कर्कश आवाज ऐकवला. एका गटाला बटण दिलं: अगदीच असह्य झालं तर दाबा. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. नंतर सगळ्यांना न सुटणारी कोडी दिली. बटणवाले कितीतरी जास्त वेळ झटत राहिले. बाकीच्यांनी लवकर हात टेकले. आवाज तोच होता, फक्त तो थांबवणं आपल्या हाती आहे, एवढं पहिल्यांना ठाऊक होतं.

तुझ्या हाती काय देता येईल, याचाच मी कालपासून विचार करतोय. फवारणी कोणत्या दिवशी, हे बाबांनी आदल्या रात्री सांगायचं. त्या दिवशी तू डबा घेऊन यवतमाळला वाचनालयात यायचं. निघण्याआधी त्यांचे हातमोजे, तोंडावरचा रुमाल, चष्मा तू स्वतः काढून ठेव, आणि वाऱ्याकडे पाठ करून फवारा म्हणून बजाव. ऐकतील ते तुझं. गणिताला घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मध्ये उठावंसं वाटलं तर ऊठ, पण कितव्या मिनिटाला उठलीस ते समासात लिही. पेन्सिलीनं, म्हणजे खोडता येईल.

झोप उडत असेल, छाती धडधडत असेल तर १४४१६ला फोन कर. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. आईलाही दे तो. तिनंही ती रात्र काढली आहे, आणि तिला कोणी काही विचारलेलं नाही.

मंगळवारी वही घेऊन ये. मला उत्तरं नकोत, समास बघायचे आहेत.

तुझे सर