जुन्या चर्चच्या आवारातली थडगी झिजलीत, अक्षरं लागत नाहीत. साफ कशी करायची आणि नोंद कशी ठेवायची?

आधी फोटो काढा, साफसफाईचं नंतर बघू. एवढं ठासून सांगतोय कारण आमच्या घरात नेमकं उलटं झालं.

मी वसईचा, सामवेदी ख्रिस्ती. पणजीच्या थडग्यावर संगमरवरी पाटी होती, नाव-तारखा नेहमीच्या मराठीत आणि खाली एक ओळ आमच्या सामवेदी बोलीत, पणजोबांनी मुद्दाम कोरून घेतलेली. बोलीतली दुसरी पाटी मी त्या दफनभूमीत पाहिली नाही. 2 नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी सगळे थडग्यांवर फुलं-मेणबत्त्या लावतात, तर त्याच्या आदल्या दिवशी काकांनी लाद्या धुवायचं अ‍ॅसिड आणलं, का तर पाटी काळी पडलीय. ओतल्याबरोबर फसफसून फेस आला आणि काका म्हणे, बघ मळ कसा निघतोय! अहो तो मळ नव्हता, संगमरवर चुनखडीच्याच जातीचा, अ‍ॅसिड पडलं की दगडच विरघळतो आणि त्याचाच फेस येतो. वरून तारेचा ब्रश मारला. पाटी पांढरीशुभ्र झाली आणि ओळ गेली. आज घरात तिघं जण ती ओळ तीन तऱ्हांनी सांगतात, फोटो एकाकडेही नाही.

काका अजून म्हणतात अक्षरं आधीच गेली होती. नव्हती गेली! शेजारची पाटी तशीच झिजलेली, भर दुपारी कोरी वाटायची, मी अंधार पडल्यावर मोबाईलचा टॉर्च तिला लगटून आडवा धरला तर सावल्यांमधून नाव, गाव, साल सगळं उठून आलं.

तेच करा. आडवा उजेड, तोही एकेका बाजूने फिरवून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो. अक्षरं ओळीला ओळ उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका, न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या. कुठलं थडगं कुठे त्याचा नकाशा काढा, मग चर्चच्या मृत्यूनोंदीशी ताडून बघा. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू-पीठ काही चोळू नका. इंग्रजांची थडगी असतील तर ब्रिटिश असोसिएशन फॉर सिमेटरीज इन साउथ एशिया 1976 पासून अशा नोंदी जमवतेय, पण आपल्या माणसांच्या पाट्या आपणच उतरवायच्या, त्यासाठी लंडनहून कोणी येणार नाही.

धुवायचंच असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस. आणि हो, दगडाचे पापुद्रे सुटत असतील तर पाणीही नको. वसई किल्ल्यातल्या चर्चांच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरांच्या शिळा आहेत तशा ठिकाणी तर फक्त फोटो, ती पुरातत्त्व खात्याची संरक्षित जागा आहे, परवानगीशिवाय ब्रश लावायचा नाही.

आता काकांचं चाललंय की आठवेल ती ओळ काळ्या ऑइलपेंटने लिहून घेऊ. मी नाही म्हणून सांगितलंय. तिघांच्या तिन्ही ओळी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवल्यात, काकांचीही.